'इनिशिएटिव्ह'ला मराठीत काय म्हणाल?

फ्रेमाँटकर: मंडळाच्या अंकासाठी कॅलिफोर्नियातल्या १९११च्या घटनादुरुस्त्यांवर लिहितोय. लोकांच्या हाती तीन हत्यारं आली: इनिशिएटिव्ह (लोकांनीच सह्या जमवून कायदा मतदानाला नेणं), रेफरेंडम, रिकॉल (निवडून दिलेल्याला मुदतीआधीच मतदानाने काढणं). रेफरेंडम म्हणजे सार्वमत, तिथे अडत नाही. इनिशिएटिव्हला 'उपक्रम' लिहिलं तर आई म्हणाली, "कसला? वृक्षारोपणाचा?"

बोरूबहाद्दर: कॉलेजात 'उपक्रम' आणि 'प्रत्यावाहन' (म्हणजे रिकॉल) घोकून मार्क मिळवलेत. अर्थ आज कळतोय.

शुद्धमती: 'जनप्रस्ताव' म्हणा.

फ्रेमाँटकर: प्रस्ताव तर आमदारही मांडतात. इथे सगळी गंमत विधिमंडळाला वळसा घालण्यात आहे. तेव्हा राज्याचं राजकारण सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या खिशात होतं, म्हणून गव्हर्नर हायरम जॉन्सननी हे रेटलं. आज गव्हर्नरच्या मागच्या निवडणुकीत पडलेल्या मतांच्या ५ टक्के सह्या आणल्या की कायदा थेट मतदानाला जातो. घटनादुरुस्तीला ८ टक्के.

वरोऱ्याची: आमच्याकडे दारूचं दुकान बंद करायला बायकांनी दारोदार सह्या जमवल्या. २५ टक्के लागतात. अंगठेवाल्या म्हाताऱ्यांची पडताळणी करताना कारकून घामाघूम! मग मतदान. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी. जनप्रस्ताव कुणी म्हटलं नाही, 'बाटली आडवी करायची' एवढंच.

शुद्धमती: ताई, ते चिन्ह झालं, संज्ञा नव्हे.

वरोऱ्याची: दुकान बंद झालं ना!

बोरूबहाद्दर: रिकॉलला 'माघारी बोलावणे' नको हं. सासरहून लेकीला आणल्यासारखं वाटतं. २००३मध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिसना 'घरी बसवलं', हे खरं मराठी.

शुद्धमती: निवडणूक हरलेलाही घरीच बसतो. मुदत संपण्याआधी काढलं, हे त्यात कुठे आलं?

माडाखाली: सार्वमतावर एवढी खात्री? महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं, यावरचं १६ जानेवारी १९६७चं गोव्यातलं मतदान आमचे आजोबा 'जनमत कौल'च म्हणायचे. एकाच घरात काका फुलावर (विलीन व्हा), आजोबा दोन पानांवर (वेगळे राहा). जेवताना भांडण.

व्युत्पत्तीवेडा: कौल मूळ अरबी. अर्थ शब्द, वचन. म्हणून कौलनामा. देवाला कौल लावतात तो हाच, देवाचा शब्द.

शुद्धमती: अरबी असेल तर बादच.

माडाखाली: मग देवळातही बाद करा! तसं आमच्याकडे 'प्रसाद घेणं' म्हणतात. मूर्तीला लावलेली उजवी पाकळी पडली की होकार.

फ्रेमाँटकर: मंडळी, अंक शुक्रवारी छापायला जातोय. इनिशिएटिव्ह?

बोरूबहाद्दर: छपरावरचं कौलही अरबीच का?

व्युत्पत्तीवेडा: छे, ते वेगळं. तुमच्याकडे मंगळुरी होती की नळीची?