एकच मॅन्युअल आणि तीन प्रकारचे वाचक, वेगळं कसं करायचं?

डिचोलीकर:
नमस्कार मंडळी. पणजीत एका छोट्या कंपनीत आहे, दूध सोसायट्यांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर आमचं, सत्तरी-डिचोलीकडच्या गावांतून वापरतात. मॅन्युअल प्रोग्रॅमर लोकांनी जमेल तसं लिहिलेलं, ते सुधारायचं काम आता माझ्याकडे आलंय. वाचणारे तीन प्रकारचे. पहाटे दूध घेणारा माणूस, त्याच्यासमोर कॅन घेऊन रांग असते. मग सेक्रेटरी, त्यांना दरपत्रक बदलायचं असतं, पेमेंटची बिलं काढायची असतात. आणि मशीन जोडायला जाणारे आमचे टेक्निशियन. आत्ता अ‍ॅनालायझरच्या, म्हणजे दुधातलं फॅट मोजणाऱ्या मशीनच्या, एकाच पानावर आधी बॉड रेट (मशीनकडून कॉम्प्युटरला डेटा जायचा वेग), मग सॅम्पल कसं ढवळायचं, मग सेक्रेटरीने रिपोर्ट कुठून काढायचा असं सगळं एकत्र आहे, कोणालाच आपलं सापडत नाही आणि सगळे फोन करतात. तीन वेगळी मॅन्युअल करू का? साहेब म्हणतात तिन्ही अपडेट कोण करत बसणार, आणि ते बरोबरच आहे.

मडगावची_टेक्रायटर:
माणसांप्रमाणे तीन भाग करू नका, माणूस त्या वेळी काय करतोय त्याप्रमाणे करा. लहान सोसायटीत सेक्रेटरीच सकाळी दूध घेतो ना, मग त्याने कुठलं मॅन्युअल उघडायचं? जँगो या वेबसाइट बनवायच्या साधनाचं डॉक्युमेंटेशन बघा, शिकायचे धडे वेगळे, एखादं काम कसं करायचं ते वेगळं, संदर्भाची माहिती वेगळी, विषय समजावणारी पानं वेगळी. याच विचाराला डायटॅक्सिस म्हणतात, उबुंटूवाल्या कॅनॉनिकलनेही तो घेतलाय. तुमच्या अ‍ॅनालायझरच्या पानाचंच घ्या. रांग लागलेली असताना 'सिरियल पोर्ट उघडता आला नाही' असं दिसलं तर त्या माणसाला पोर्ट म्हणजे काय हे नकोय, त्याला हवं 'मशीन चालू आहे ना बघा, वायर काढून त्याच जागी परत लावा, तरीही रीडिंग आलं नाही तर फॅट हाताने टाका आणि दूध घेत राहा'. बस. यूएसबीची वायर दुसऱ्या खाचेत लावली की विंडोज कधीकधी कॉम पोर्टचा, म्हणजे मशीनच्या जोडणीचा, नंबर बदलतं, हे कारण टेक्निशियनच्या पानावर जाऊ दे, वरच्या पानावरून तिथे फक्त एक लिंक. आणि पानाचं नाव 'अ‍ॅनालायझर मॉड्यूल' नको, 'रीडिंग येत नसेल तर' असं ठेवा, लोक फोनवर जे बोलतात तेच शोधतात.

वेर्णा_डेव्ह:
ताईंचं पटलं, पण साहेबांचा प्रश्न उरतोच. मजकूर एकाच जागी ठेवून त्यातून वेगवेगळ्या प्रती काढता येतात, मॅन्युअल लिहायच्या साधनांत त्याची सोय असते. अ‍ॅस्कीडॉकमध्ये इफडेफ आहे, स्फिंक्समध्ये ओन्ली, आणि डिटामध्ये तर ऑडियन्स नावाचं अ‍ॅट्रिब्यूटच आहे. हा परिच्छेद सेक्रेटरीसाठी, तो टेक्निशियनसाठी अशी खूण करायची आणि प्रत तयार (बिल्ड) करताना हवं ते काढायचं. सगळं गिटमध्ये (फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन), म्हणजे कोड बदलला की त्याच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल तपासून घ्यायच्या विनंतीत) मॅन्युअलही बदलायचं.

फोंडा_सपोर्ट:
खुणांच्या बाबतीत जपून, मी हे जवळून बघितलंय. सुरुवातीला दोन-चार असतात, मग वाक्याच्या मधोमध यायला लागतात आणि फाइल वाचताना शेवटी कोणाला काय दिसणार हे लिहिणाऱ्यालाच कळत नाही, शिवाय प्रत्येक प्रत वेगळी वाचून तपासावी लागते, ती कोणीच तपासत नाही. त्यापेक्षा जे दोन ठिकाणी लागतं तेवढंच छोट्या फाइलमध्ये ठेवून दोन्हीकडे इन्क्लूड करा (आपोआप ओढून घ्या). म्हणजे सेटिंगचे आकडे, मेनूची नावं, एररचे शब्द. समजावण्याची वाक्यं मात्र दोन वाचकांसाठी खुशाल दोनदा लिहा, ती सारखी असायची गरजच नाही. आणि दूध घेणाऱ्याचं पान एका कागदावर बसलं पाहिजे, मोठ्या अक्षरात छापून मशीनजवळ भिंतीला लावायचं, पहाटे तिथे कोण वेबसाइट उघडणार.

डिचोलीकर:
हे भारी आहे, आभार. फाइल इन्क्लूड करणं आमच्या सेटअपमध्ये लगेच जमेल. एकच अडकलंय, एसएनएफचं, म्हणजे दुधातल्या फॅट सोडून बाकीच्या घन भागाचं, सूत्र. लॅक्टोमीटरच्या (दुधाची घनता मोजायचं साधन) रीडिंगला ४ ने भागून त्यात फॅटचा भाग आणि एक स्थिरांक मिळवतात, पण ते आकडे सगळीकडे सारखे नसतात, आमच्याकडे सेटिंगमधून बदलता येतात. हे कुठे ठेवू? टेक्निशियन आणि सेक्रेटरी दोघांनाही लागतं.

मडगावची_टेक्रायटर:
सूत्र आणि सध्या कुठले आकडे धरलेत ते संदर्भाच्या पानावर, एकदाच. पण 'माझा दर आज कमी का आला' हा प्रश्न सेक्रेटरीला दूध घालणारा शेतकरी विचारतो, आणि तो शेतकरी तुमचं मॅन्युअल कधीच उघडणार नाही. त्याच्यासाठी वेगळं पान करा, सेक्रेटरी ते समोर ठेवून समजावू शकेल असं. एक खरंखुरं बिल घ्या, फॅट इतकं, एसएनएफ इतकं, दरपत्रकात हा चौकोन, म्हणून हा दर. गाईच्या दुधाला अन्नसुरक्षेच्या नियमात किमान ३.२ टक्के फॅट आणि ८.३ टक्के एसएनएफ धरलंय तेही लिहा, म्हणजे आपलं दूध कुठे बसतं ते त्याला दिसेल. लिहून झालं की एखाद्या सोसायटीत संध्याकाळच्या संकलनाला जाऊन बसा आणि सेक्रेटरीला त्या कागदावरून समजावायला सांगा, तो जिथे अडखळेल ते वाक्य बदला.


वेर्णा_डेव्ह:
हे पान मराठीत आणि कोंकणीत दोन्ही काढा, बिलाचे आकडे एकाच फाइलमधून घ्या म्हणजे दर बदलला की दोन्हीकडे बदलेल.