पडदा बाजूला झाल्यावर
पडद्याआड (म्हणजे वादक कोण हे परीक्षकांना दिसणार नाही अशी) निवडचाचणी घेतली की पितळी वाद्यांच्या क्षेत्रातील स्त्री-पुरुष भेद मिटेल, हे मत मला अपुरे वाटते. ॲबी कोनांट या ट्रॉम्बोनवादक (ट्रॉम्बोन हे फुंकून वाजवायचे पितळी वाद्य) १९८० साली म्युनिक फिलहार्मोनिक या जर्मन वाद्यवृंदाच्या चाचणीत पडद्यामागून वाजवून ३३ उमेदवारांतून निवडल्या गेल्या (निमंत्रणपत्रात त्यांना ‘श्रीयुत’ संबोधले होते, हेही बोलकेच!), तरीही १९८२ मध्ये संगीत संचालक चेलिबिडाके यांच्या कारकिर्दीत त्यांना दुय्यम ट्रॉम्बोनवादकाच्या जागी उतरवण्यात आले. दमसास पुरेसा आहे हे दाखवण्यासाठी त्यांना फुप्फुसांची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागली, आणि आधी पदासाठी, मग पुरुष सहकाऱ्यांइतक्या वेतनासाठी चाललेला न्यायालयीन लढा १९९३ पर्यंत लांबला. १९९२ मध्ये त्या जर्मनीतल्या ट्रोसिंगेनच्या संगीत महाविद्यालयात प्राध्यापक झाल्या, तेव्हा तो खटला निकाली निघालेलाही नव्हता.