मदत हवी आहे: प्रश्नावली, मुलाखती की दोन्ही? (नोकरी सोडणाऱ्या परिचारिकांवरचा लघुप्रबंध)

नमस्कार मंडळी,

आठ वर्षं वॉर्डात काम करून आता पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. लघुप्रबंधाचा विषय आहे, नव्याने रुजू झालेल्या परिचारिका वर्षाच्या आत नोकरी का सोडतात. आराखडा पंधरा दिवसांत द्यायचाय आणि सगळं पद्धतीपाशी अडलंय.

तीन रुग्णालयांत मिळून गेल्या तीन वर्षांत रुजू झालेल्या २१० जणी आहेत. त्यांतल्या २४ वर्षाच्या आत सोडून गेल्या. गाईड मॅडम म्हणतात चाळीस प्रश्नांची, पाच पर्यायांची प्रश्नावली कर, आकडे आले की कोणी बोट ठेवत नाही. सहमार्गदर्शक म्हणतात की असल्या विषयाला मुलाखतीच हव्यात. बरोबरीची मैत्रीण सांगते, मिश्र पद्धत लिही, दोघंही खूश होतील. शिवाय कुणीतरी सांगितलं की नमुना ३८४ पेक्षा कमी चालतच नाही, आणि माझ्याकडे तर एकूणच २१० आहेत.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. प्रश्नावली सहा जणींकडून चाचणी म्हणून भरून घेतली. त्यातल्या एका सिस्टरने "मी माझ्या कामावर समाधानी आहे" यापुढे ४ वर खूण केली, म्हणजे "सहमत". फॉर्म घडी करून दिला, पेनाला टोपण लावलं आणि जाता जाता म्हणाली, "रात्रपाळी संपली की बसमध्ये रडू येतं हो, रोज." मी तिच्याकडे बघत राहिले, मग फॉर्मकडे. यातलं खरं काय धरायचं? आकडा लिहिला तर बसमधलं रडणं कुठे जातं? आणि तेवढंच लिहिलं तर बाकी पाच जणींचं काय? ज्यांनी अशा कामात हात घातलाय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद – समास

ताई, पद्धत आधी ठरवू नका. शेवटच्या प्रकरणात तुम्हाला कोणतं वाक्य लिहायचंय ते आज कोऱ्या कागदावर लिहा. "ज्यांना पहिल्या तीन महिन्यांत अनुभवी सिस्टरची सोबत मिळाली त्या कमी प्रमाणात सोडून गेल्या" असं वाक्य हवं असेल तर ते मोजल्याशिवाय लिहिता येणार नाही. "राजीनाम्याचा विचार पहिल्यांदा कधी आला आणि तो पक्का कसा होत गेला" हे सांगायचं असेल तर त्यांना बोलतं करावं लागेल. तिथे पाच पर्यायांत काहीच मावत नाही.

तुमच्या शीर्षकातला "का" फसवा आहे. त्यात दोन प्रश्न दडलेत: सोडून जाण्याशी कोणत्या गोष्टी निगडित आहेत, आणि सोडणारी बाई त्या निर्णयापर्यंत कशी पोहोचली. गाईड मॅडम पहिल्याबद्दल बोलताहेत, सहमार्गदर्शक दुसऱ्याबद्दल. दोघांचं भांडण पद्धतीवरून नाहीच. ते दोन वेगळे विषय डोक्यात धरून बोलताहेत.

आणि एक विचारू? तो फॉर्म भरून कुठे घेतला होता?

प्रतिसाद – धागाकर्ती

ड्यूटी रूममध्ये. इन्चार्ज सिस्टर शेजारच्या टेबलावर रजिस्टर लिहीत होत्या. तुम्ही विचारल्यावर आत्ता लक्षात येतंय.

प्रतिसाद – समास

मग तो ४ अर्धा त्या खोलीचा आहे. बंद पाकिटात, नाव न घालता, वरिष्ठ समोर नसताना भरून घेतलात तर कदाचित वेगळा आकडा येईल. उरलेला अर्धा प्रश्नाच्या शब्दांचा. "कामावर समाधानी" वाचताना तिच्या मनात रुग्ण होते की रात्रपाळी? दोन-तीन जणींना फॉर्म भरताना मोठ्याने विचार करायला सांगा: हा प्रश्न वाचून काय आठवलं, खूण इथेच का केली. एक दुपार जाईल, पण चाळीसपैकी कितीतरी प्रश्न तिथल्या तिथे गळतील. चाळीस तसेही फारच होतात. ड्यूटीवरून दमून आलेली माणसं विसाव्या प्रश्नानंतर एकाच रांगेत खुणा करत सुटतात.

प्रतिसाद – आकडेमोड

३८४ चं भूत आधी उतरवतो. हा आकडा मोठ्या लोकसंख्येतलं एखादं प्रमाण ९५ टक्के विश्वासपातळीवर (म्हणजे शंभरदा नमुना काढला तर साधारण पंच्याण्णवदा अंदाज मर्यादेत बसेल), ५ टक्के कमी-जास्त इतक्या अचूकतेने काढायचं असेल तेव्हाचा आहे. तुमची लोकसंख्याच २१० आहे. तिच्यासाठी दुरुस्ती केली की साधारण १३६ येतात. आणि २१० जणींपर्यंत पोहोचता येत असेल तर सगळ्यांनाच फॉर्म द्या की, नमुना काढायचाच कशाला?

खरी अडचण त्या २४ ची आहे. राहिलेल्या आणि गेलेल्या अशा दोन गटांच्या सरासरीची तुलना करायची, फरक मध्यम आकाराचा (प्रमाण विचलनाच्या, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाच्या, निम्मा) आणि तो सापडण्याची शक्यता ८० टक्के हवी, तर प्रत्येक गटात ६४ जणी लागतात. फरक मोठा (त्याच मापाच्या ०.८ पट) असेल तर प्रत्येकी २६ पुरतात. राहिलेल्यांचा गट मोठा घेतल्याने थोडी भर पडते, पण मध्यम फरक तुमच्या हातून सहज निसटू शकतो. तेव्हा "फरक आढळला नाही" याचा अर्थ "फरक नाही" असा कृपया लिहू नका. प्रबंधांमध्ये ही चूक इतकी दिसते की वाचताना जीव तुटतो.

आणखी एक. आज वॉर्डात जाऊन प्रश्नावली वाटलीत तर ती फक्त राहिलेल्यांच्या हातात पडेल. ज्यांच्याबद्दल प्रबंध आहे त्याच गैरहजर! मी आकड्यांचा माणूस, तरी सांगतो, त्या २४ जणींच्या मुलाखतीच घ्या.

प्रतिसाद – वहीचं पान

मिश्र पद्धतीबद्दल थोडं लिहिते, कारण मैत्रिणीचा सल्ला ऐकून मी त्यात फसले होते. माझ्या प्रबंधात चौथं प्रकरण तक्त्यांचं होतं, पाचवं मुलाखतींचं, आणि दोघांची ओळखदेख नव्हती. तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न आला: "यातलं एक प्रकरण काढून टाकलं तर दुसऱ्याचं काय बिघडेल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दोन्ही पद्धती वापरल्या म्हणजे मिश्र संशोधन होत नाही, सांधा लागतो. आधी प्रश्नावली, मग तिच्यातून उठलेल्या कोड्यासाठी मुलाखती, हा एक सांधा. आधी मुलाखती आणि त्यात सापडलेल्या शब्दांतून प्रश्नावली बांधायची, हा दुसरा. तिसऱ्यात दोन्ही एकाच वेळी करून निष्कर्ष शेजारी शेजारी मांडायचे आणि कुठे जुळतात, कुठे नाही ते तपासायचं. मला वाटतं तुमच्यासाठी दुसरा. "बसमधलं रडणं" तुमच्या चाळीस प्रश्नांत नव्हतं, कारण ते तुम्हाला तोवर ठाऊकच नव्हतं.

आकडा आणि शब्द एकमेकांना कसे धरून राहतात ते बघायचं तर मारिएंथालचा अभ्यास वाचा. ऑस्ट्रियातलं हे गाव गिरणी बंद पडून बेरोजगार झालं होतं. यहोडा, लाझार्सफेल्ड आणि झायझेल यांचा अभ्यास १९३३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी वाचनालयातून किती पुस्तकं जातात ते मोजलं. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी वाचन घटलं होतं. रस्त्यावरून चालणाऱ्यांचा वेग घड्याळ लावून मोजला. पुरुष बायकांपेक्षा सावकाश चालत, सारखे थांबत. सोबत दिनक्रमाच्या नोंदी आणि घरोघरची बोलणी होतीच. नुसत्या वेगावरून काहीच कळलं नसतं. दिनक्रमाच्या नोंदी शेजारी ठेवल्या की कळतं: पुरुषांना कुठे पोहोचायचंच नव्हतं, बायकांना मात्र घरकाम होतं.

आता वेळेचं. तासभराची मुलाखत शब्दशः उतरवायला पाच-सहा तास सहज जातात, कोडिंग (उतरवलेल्या मजकुराला विषयवार खुणा करणं) वेगळंच. किती मुलाखती पुरतील हे आधी ठामपणे सांगता येत नाही. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांनी २००६ साली घाना आणि नायजेरियातल्या ६० मुलाखती तपासल्या, तर पहिल्या १२ नंतर नवं फारसं निघत नव्हतं. पण त्यातल्या बायका बऱ्याच सारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि प्रश्न नेमका होता. तुमची तीन रुग्णालयं एकमेकांपासून फार वेगळी असतील तर जास्त लागतील. वेळ एकाच टप्प्यापुरता असेल तर फक्त मुलाखती करा आणि त्या नीट करा. गाईड मॅडमना आकडेमोड यांचं २४ आणि ६४ चं गणित दाखवा, त्या ऐकतील.

प्रतिसाद – धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी मॅडमना ६४ चा हिशेब दाखवला. त्यांनी तो स्वतः एकदा करून पाहिला आणि म्हणाल्या, ठीक आहे, आधी मुलाखती. आता ठरलंय असं: सोडून गेलेल्यांपैकी बारा ते पंधरा जणींशी बोलायचं, त्यातून वीसच्या आत प्रश्न काढायचे, आणि अजून नोकरीत असलेल्या सगळ्यांना बंद पाकिटातून द्यायचे. शीर्षकातला "का" काढून "निर्णयाची वाटचाल" असं केलंय. दुसरा टप्पा वेळेत बसला नाही तर पहिला एकटा उभा राहील असा आराखडा लिहिते आहे.

एक शंका उरली. त्या सिस्टरचं वाक्य फॉर्म दिल्यानंतरचं आहे, संमतीपत्रात ते येत नाही. वापरू का?

प्रतिसाद – वहीचं पान

तिला विचारल्याशिवाय नाही. आणि नैतिक समितीच्या अर्जातही तसं स्पष्ट लिहा.

प्रतिसाद – धागाकर्ती

विचारलं. आधी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "लिहा, पण वॉर्ड लिहू नका. आणि मुलाखत घ्यायची तर माझ्या सुट्टीच्या दिवशी या, रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी नको." रविवारी जाते आहे.