‘टर्म’ला मराठीत काय म्हणाल? मुदत, कार्यकाळ, कारकीर्द की खेप?

प्रश्न :

मी नाशकात अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते. परवा पेपर तपासताना एका मुलाचं वाक्य दिसलं : ‘अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचा कार्यकाळ दोनदा असतो.’ त्याला विषय कळलाय, पण वाक्य खटकतं. कार्यकाळ चार वर्षांचा असतो, दोनदा नव्हे. वर्गात आम्ही सगळेच ‘टर्म’ म्हणून मोकळे होतो. अडतं ते लिहिताना. आपल्या राज्यघटनेच्या मराठी पाठात ‘पदावधी’ आहे, पण ‘त्यांचे दोन पदावधी झाले’ असं बोलताना मी कुणाला ऐकलेलं नाही. मग योग्य शब्द कोणता?

उत्तर १ :

ताई, ‘टर्म’ या एका शब्दात आपण दोन गोष्टी कोंबतो : किती दिवस आणि कितव्यांदा. मराठीत दोन्हींना वेगळे शब्द आहेत, म्हणून एकच प्रतिशब्द शोधू नये असं मला मनापासून वाटतं.

‘किती दिवस’ला मुदत. अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द, पण आता पुरता घरचा. मुदत भरते, संपते, वाढवून मिळते. आपल्या महापालिकेची मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आले, तेव्हा ‘पदावधी समाप्त झाला’ असं कोण म्हणत होतं? ‘कार्यकाळ’ही चालेल, पण त्याला मुदतीसारखी टोकदार कड नाही.

कारकीर्द मात्र वेगळी. हाही फारसीतून आलेला, कीर्द-खतावणीतल्या कीर्दीच्या नात्यातला. त्यात ‘केलेलं काम’ आहे. कारकीर्द गाजते किंवा डागाळते. कायद्याने मुदत बांधता येते, कारकीर्द नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १९३२, १९३६, १९४० आणि १९४४ असे चार वेळा निवडून आले आणि चौथ्या मुदतीच्या सुरुवातीलाच, एप्रिल १९४५ मध्ये वारले. मुदती चार, कारकीर्द एकच.

राहिलं ‘कितव्यांदा’. आमच्या निफाडकडे कांद्याच्या ट्रॅक्टरची खेप असते, कालव्याच्या पाण्याची पाळी असते. ‘यंदा दोनच पाळ्या मिळाल्या’ म्हटलं की पाणी किती दिवस चाललं हे कुणी विचारत नाही, मोजणी पुरते. ‘दुसऱ्या खेपेला निवडून आले’ हे तर सरळ मराठी आहे.

हा भेद नुसता शब्दांचा नाही. १९५१ मध्ये लागू झालेली अमेरिकेची बाविसावी घटनादुरुस्ती मुळात खेपा मोजते : दोनपेक्षा जास्त वेळा निवडून येता येणार नाही. पण पुढे ती दिवसही मोजते. दुसऱ्याची उरलेली मुदत कुणी दोन वर्षांहून जास्त चालवली असेल, तर त्याला एकदाच निवडून येता येतं. केनेडींच्या हत्येनंतर, नोव्हेंबर १९६३ मध्ये, उपराष्ट्राध्यक्ष जॉन्सन त्यांच्या जागी आले तेव्हा मुदतीचे जेमतेम चौदा महिने उरले होते, त्यामुळे त्यांना दोन खेपा मोकळ्या होत्या. फोर्ड निक्सन यांच्या राजीनाम्यानंतर ऑगस्ट १९७४ मध्ये आले, जवळजवळ अडीच वर्षं उरली होती. त्यांना एकच खेप मिळू शकत होती आणि १९७६ ची ती निवडणूक ते हरले. दोन्ही ठिकाणी ‘टर्म’ लिहून हा नियम मुलांना समजावून बघा, गोंधळ उडतो.

उत्तर २ :

वरच्या उत्तराशी सहमत. त्यात एका शब्दाची भर घालतो : ‘सलग’. रशियाच्या १९९३ च्या घटनेत दोनपेक्षा जास्त मुदती ‘सलग’ भूषवता येणार नाहीत असं होतं. पुतिन २००८ मध्ये बाजूला होऊन पंतप्रधान झाले आणि २०१२ मध्ये परत आले, ते याच शब्दाच्या आधाराने. २०२० मध्ये तो शब्द काढला, म्हणजे नियम कडक झाला. पण त्याच दुरुस्तीत त्यांच्या आधीच्या मुदती हिशेबात धरायच्या नाहीत असंही घातलं. चीनच्या १९८२ च्या घटनेतही ‘सलग दोन’च होतं, २०१८ मध्ये ती अटच गेली. नुसतं ‘दोनदा’ लिहिलं की हे सगळं हातून निसटतं, म्हणून विद्यार्थ्यांना ‘सलग दोनदा’ आणि ‘आयुष्यात दोनदा’ हे वेगवेगळं लिहायला लावा.

मूळ प्रश्नकर्ती :

दोघांचे आभार. आता आपल्या घटनेचीही नीट फोड करता येते. अनुच्छेद ५६ राष्ट्रपतींची मुदत सांगतो : पद स्वीकारल्यापासून पाच वर्षं. अनुच्छेद ५७ पुन्हा निवडून येण्याची मुभा देतो, पण कितीदा ते सांगत नाही. म्हणजे मुदत लिहिलेली आहे, खेपांना हद्द नाही. राजेंद्रप्रसाद १९५२ आणि १९५७ असे दोन खेपा निवडून आले. दुसऱ्यांदा निवडून आलेले तेवढेच.

मुलाचं वाक्य मी असं दुरुस्त केलं : ‘अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची मुदत चार वर्षांची असते आणि एका व्यक्तीला दोनपेक्षा जास्त वेळा निवडून येता येत नाही.’ ‘खेप’ मी वर्गात बोलताना वापरणार आहे. बोर्डाच्या पेपरात तो शब्द लिहिला तर तपासणारे घरगुती म्हणून खोडतील का, तेवढं कुणी अनुभवी शिक्षकांनी सांगावं.