मदत हवी आहे: गावात फवारणीची माहिती द्यायचीय, कशी सांगू?

नमस्कार मंडळी. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, आमच्याकडं भात, ऊस आणि थोडीफार मिरची. शेजारच्या शिवारात एकानं वारं सुटलेलं असताना उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं आणि पलीकडच्या मिरचीचे शेंडे वाकडे झाले, पानं चिमटली, आता त्या दोन घरांत बोलणं बंद आहे. म्हणून गावात देवळात एक बैठक घ्यायचं ठरवलंय.

अडचण अशी की लोकांना औषध माहीत नाही असं नाही, सवयी मोडत नाहीत. माप म्हणजे बाटलीचं झाकण, दुकानदार देईल ती दोन-तीन औषधं वर टॉनिक सगळं एकाच टाकीत, आणि बादलीत हातानंच ढवळायचं. नोझल चोंदलं की तोंडाला लावून फुंकतात! काकांना नको म्हटलं तर म्हणतात, इतकी वर्षं असंच करतोय की रे, काय झालं? 2017 साली यवतमाळला फवारणीत माणसं गेली ते सांगितलं तर म्हणतात ते कापसाचं, आपल्याकडं तसं नाही.

बाटलीवरच्या चौकोनाचे रंग मी सांगणार आहे, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पण हिरवा म्हणजे बिनधास्त मारा असं कुणी समजू नये, ते कसं पटवायचं? पॅराक्वाट हे तणनाशक पोटात गेलं तर त्याला उतारा नाही हे तर सांगायलाच पाहिजे, आमच्याकडं ते पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून कोनाड्यात ठेवलेलं मी बघितलंय, आणि घरात लहान पोरं. कुणाला विषबाधा झालीच तर दवाखान्यात जाताना औषधाची बाटली नाहीतर लेबल सोबत न्यायचं, हे पण कुणाला माहीत नाही.

तणनाशकाला वेगळा पंप ठेवा म्हणतो तर पैसे कुठनं आणू म्हणतात, त्यात चूक काय. चार-पाच घरांनी मिळून एक पंप घेतलाय असं कुठं चाललंय का? भाडं, दुरुस्ती कशी वाटून घेता?

आणि मराठीतली मोठ्या चित्रांची पोस्टरं किंवा व्हिडिओ कुणाकडं असतील तर द्या, कन्नड कागद पोरं वाचतात, पण फवारतात म्हातारी माणसं. मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रातून किंवा रयत संपर्क केंद्रातून (कर्नाटक कृषी खात्याचं शेतकऱ्यांसाठीचं केंद्र) मराठी बोलणारं कुणी येतं का, कुणी बोलावलंय का? पेरणीच्या आधी बैठक घ्यायचीय, तणनाशक तेव्हाच सुरू होतं.