मदत हवी आहे: विक्रीतून मार्केटिंगमध्ये जाण्यासाठी ओळखी नेमक्या कशा वाढवाव्यात?

कादवाकाठ
नमस्कार. मला विक्री विभागातून मार्केटिंगमध्ये जायचे आहे. त्यासाठी ओळखी लागतात असे ज्याला विचारावे तो सांगतो. त्या कशा करायच्या, हे मात्र कोणीही सांगत नाही. पुण्या-मुंबईतील अनेक मार्केटिंग मॅनेजरना मी लिंक्डइनवर संदेश पाठवले, सोबत बायोडेटा जोडला, परंतु उत्तर येत नाही. मामांच्या परिचयाचे एक गृहस्थ एका मोठ्या कंपनीत वरच्या पदावर आहेत. त्यांनी ‘बघतो’ एवढेच सांगितले आणि आता ते फोन उचलत नाहीत. आमच्या एचआरच्या म्हणण्याप्रमाणे मार्केटिंगमध्ये सध्या जागा नाही. येत्या छाटणीच्या आत मला काहीतरी हालचाल करायची आहे, कारण हंगाम सुरू झाला की मान वर करायला फुरसत मिळत नाही. कृपया ‘ऑनलाइन कोर्स करा’ हा सल्ला देऊ नये. तो ऐकून कंटाळलो आहे.

मेघना_के
थोडी अधिक माहिती दिलीत तर उपयोगाचे काही सांगता येईल. ‘छाटणी’वरून तुम्ही शेतीशी संबंधित कंपनीत असावात असे वाटते. तुम्ही काय विकता आणि कोणाला विकता? शिक्षण काय? मार्केटिंगमधले कोणते काम हवे आहे: प्रॉडक्ट मॅनेजरचे, जाहिरातीचे की डिजिटलचे? ही तिन्ही कामे करणारी माणसे वेगवेगळी असतात आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचे रस्तेही वेगळे असतात. शिवाय त्या संदेशात तुम्ही नेमके काय लिहिले होते, ते जसेच्या तसे येथे द्या.

उद्यमशील
ओळखी वाढवायच्या असतील तर बीएनआय (बिझनेस नेटवर्क इंटरनॅशनल) या संस्थेसारखी दुसरी जागा नाही. आयव्हन मायझनर यांनी १९८५ साली अमेरिकेत ही संस्था सुरू केली. तिच्या प्रत्येक गटात एका व्यवसायाचा एकच सदस्य असतो आणि दर आठवड्याच्या बैठकीत सदस्य एकमेकांना कामे मिळवून देतात. आपल्याकडे माधवराव भिडे यांनी सुरू केलेला सॅटर्डे क्लब तर खास मराठी उद्योजकांसाठीच आहे. नोकरीच्या मागे लागण्यापेक्षा स्वतःची एजन्सी काढा, असे मी कळकळीने सुचवेन. माझा संपूर्ण व्यवसाय अशाच बैठकांतून उभा राहिला आहे.

बांधावरचा
उद्यमशील, धागाकर्त्याला नोकरीतील विभाग बदलायचा आहे, व्यवसाय काढायचा नाही. या संस्थांची रचना व्यावसायिकांनी एकमेकांना ग्राहक मिळवून द्यावेत अशी आहे. पगारदार विक्री प्रतिनिधीने तिथे वर्गणी भरून कोणता व्यवसाय मांडायचा? कादवाकाठ, मेघनाताईंच्या प्रश्नांची उत्तरे द्या, मग मी सविस्तर लिहितो.

कादवाकाठ
हे सर्व उघड आहे असे वाटल्याने लिहिले नव्हते. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. ॲग्री केले आणि नंतर ॲग्री बिझनेसमध्ये एमबीए. विद्राव्य खते आणि जैव उत्तेजके (पिकाच्या वाढीला चालना देणारी उत्पादने) विकणाऱ्या एका कंपनीत आहे. निफाड आणि दिंडोरी हे तालुके माझ्याकडे असून बहुतेक माल द्राक्षाला जातो. दुकानदारांकडून ऑर्डर घेणे, उधारीची वसुली करणे, शेतकरी मेळावे भरवणे आणि डेमो प्लॉट लावणे, म्हणजे बागेच्या काही ओळींत उत्पादन वापरून फरक दाखवणे, ही माझी कामे. मला पुण्यात प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचे आहे. संदेश असा होता: ‘आदरणीय सर, मी मेहनती व प्रामाणिक असून मला मार्केटिंगमध्ये काम करण्याची तीव्र इच्छा आहे. सोबत बायोडेटा जोडला आहे. कृपया योग्य संधी असल्यास कळवावे.’

बांधावरचा
मी शेती निविष्ठांच्या (खते, औषधे, बियाणे) धंद्यात बराच काळ काढला आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. आपल्या क्षेत्रात विक्री प्रतिनिधी सहसा थेट प्रॉडक्ट मॅनेजर होत नाही; मध्ये मार्केट डेव्हलपमेंट हा टप्पा असतो. नव्या उत्पादनाच्या चाचण्या लावणे, पीकवार मात्रा आणि वेळ ठरवणे, निकाल कागदावर मांडणे आणि विक्रीच्या माणसांना ते शिकवणे हे त्या विभागाचे काम असते. प्रॉडक्ट मॅनेजर शोधताना कंपन्या आधी तिकडेच पाहतात, त्यामुळे तुम्ही पहिली ओळख त्या विभागातल्या माणसांशी करायला हवी. २०२१ साली जैव उत्तेजके खत नियंत्रण आदेशाखाली आल्यापासून नोंदणीसाठी चाचण्यांची माहिती सादर करावी लागते, आणि प्लॉटवरचे आकडे नीट समजणाऱ्या माणसाची गरज वाढली आहे.

आता ही माणसे भेटतात कुठे, ते सांगतो. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाचे वार्षिक अधिवेशन साधारणतः ऑगस्टमध्ये पुण्यात भरते. तिथे कंपन्यांचे स्टॉल असतात आणि त्या स्टॉलवर केवळ प्रतिनिधी नव्हे, तर मुख्यालयातील मंडळीही उभी असतात. गोडी छाटणीच्या, म्हणजे द्राक्षाच्या फळासाठीच्या छाटणीच्या, आधीचा हा काळ तुम्हालाही मोकळा असतो. पुण्याजवळ मांजरीला असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे कार्यक्रम असतात, तिथेही हीच माणसे येतात. पुण्याजवळच्या मोशीचे किसान हे कृषी प्रदर्शन मोठे आहे, परंतु ते डिसेंबरात, म्हणजे ऐन हंगामात येते.

सर्वांत मोठी गोष्ट तुमच्या रोजच्या कामातच आहे. एकाच दुकानदाराच्या काउंटरवर पाच-सहा कंपन्यांचे प्रतिनिधी येतात, आणि कोणत्या कंपनीत कोणती जागा रिकामी होणार, हे त्या काउंटरवर जाहिरातीच्या कितीतरी आधी कळते. मुख्यालयातून कोणी दौऱ्यावर आले की त्यांना दुकानात चहा पाजून परत पाठवू नका, प्लॉटवर न्या. उत्पादन वापरलेल्या आणि न वापरलेल्या ओळींतले घड समोर धरा, कॅलिपरने मण्याची जाडी त्यांनाच मोजायला द्या, आणि बागायतदाराला त्याच्या शब्दांत बोलू द्या. असा प्लॉट दाखवणारा माणूस त्यांच्या लक्षात राहतो.

वीणा_ब
बांधावरचा यांचे बरेचसे पटते, पण त्यांनी लिंक्डइनचे नावही घेतले नाही, हे मला मान्य नाही. मी बंगळुरूमध्ये शेती-तंत्रज्ञानाच्या कंपनीत मार्केटिंगमध्ये आहे आणि माझी निवड लिंक्डइनवरच्या लिखाणावरूनच झाली. दुकानदार लिंक्डइन वाचत नसतील, पण उमेदवार निवडणारे वाचतात. नव्या उत्पादनाबद्दल निफाडचा बागायतदार कोणती शंका सर्वांत आधी विचारतो, यावर तुम्ही पंधरवड्यातून एकदा चार परिच्छेद लिहिलेत, तर मुख्यालयात बसलेल्या माणसाला ते हवेच असते. केवळ एक पथ्य पाळा: सध्याच्या कंपनीचे विक्रीचे आकडे, दुकानदारांना दिलेल्या सवलती किंवा उधारीची माहिती त्यात येऊ देऊ नका.

बांधावरचा
वीणाताई, आमच्या धंद्यात लिखाण पाहून माणूस घेतल्याचे एकही उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. प्लॉट पाहून घेतल्याची अनेक आहेत.

वीणा_ब
प्लॉट पाहायला निफाडपर्यंत येणारे किती, आणि घरबसल्या चार परिच्छेद वाचणारे किती, याचाही विचार व्हावा. दोन्ही करण्यास काहीच हरकत नसावी.

अभ्यासू_नागपूर
या विषयावर ठोस अभ्यास झालेले आहेत. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली मांडले की नोकरीची बातमी बहुधा जवळच्या मित्रांकडून नव्हे, तर क्वचित भेट होणाऱ्या परिचितांकडून येते. ओळखीतून नोकरी मिळालेल्या ज्या लोकांशी तो बोलला, त्यांच्यापैकी जेमतेम १७ टक्के लोक त्या परिचिताला वारंवार भेटत होते. कारण साधे आहे: जवळच्या माणसांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते. २०२२ साली लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष ‘सायन्स’ या नियतकालिकात आले, आणि त्यातही मध्यम सैल, म्हणजे फार जवळच्याही नाहीत आणि अगदी दूरच्याही नाहीत अशा, ओळखी सर्वांत उपयोगी ठरल्या. तेव्हा मामांच्या परिचितांची वाट पाहण्यापेक्षा एमबीएच्या वर्गातले जे सहकारी आता वेगवेगळ्या कंपन्यांत आहेत, त्यांना फोन करावा.

निःस्पृह
हे सर्व वाचून वाईट वाटते. ज्याचा मामा कोणाला ओळखत नाही, ज्याच्या वर्गात मोठ्या कंपनीत गेलेले कोणी नाही, त्याने काय करायचे? वशिल्याला नवे कपडे चढवून आपण त्याचे समर्थन करत आहोत.

मेघना_के
निःस्पृह, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून आतून कसे चालते ते सांगते. उमेदवार निवडण्याचे काम मी स्वतः केले आहे. अनेक कंपन्यांमध्ये कर्मचाऱ्याने नाव सुचवले की तो अर्ज त्या कर्मचाऱ्याच्या नावासह येतो आणि ढिगातून वर काढून वाचला जातो. मुलाखत मात्र इतरांसारखीच होते, आणि उमेदवार अगदीच कच्चा निघाला तर सुचवणाऱ्याचाही शब्द उणा पडतो. याच भीतीने लोक अनोळखी माणसाचे नाव पुढे करत नाहीत. मामांच्या परिचितांनी फोन घेणे थांबवले, त्यामागेही हेच असू शकेल, कारण तुमचे काम त्यांनी पाहिलेलेच नाही. ज्याला मामा नाही त्याच्यासाठी तर बांधावरचा यांनी सांगितलेला प्लॉट अधिकच मोलाचा आहे. तो दाखवायला कोणाचा भाचा असावे लागत नाही.

कादवाकाठ
सर्वांचे आभार. अधिवेशनाला जाण्याचे नक्की केले आहे. वर्गातील एक मैत्रीण पुण्यात मार्केट डेव्हलपमेंटमध्ये आहे, हे अभ्यासू यांच्या प्रतिसादामुळे आठवले. तिने तिच्या वरिष्ठांचे नाव कळवले आहे. त्यांना पुढील मजकूर पाठवू का? ‘नमस्कार सर. मी निफाड आणि दिंडोरीत द्राक्ष बागायतदारांसोबत काम करतो. मण्यांच्या फुगवणीसाठी मी लावलेल्या डेमो प्लॉटच्या नोंदी आणि छायाचित्रे माझ्याकडे आहेत. आपल्या विभागात चाचण्यांची आखणी कशी होते, हे समजून घ्यायचे आहे. अधिवेशनात आपण असाल तर पंधरा मिनिटे भेटता येईल का? मी मेहनती व प्रामाणिक असून संधी मिळाल्यास सोने करीन.’

मेघना_के
शेवटचे वाक्य काढा, बाकीचे तसेच राहू द्या. मैत्रिणीचे नाव पहिल्या ओळीत घ्या, पण आधी तिची परवानगी विचारा. बायोडेटा जोडू नका. त्यांनी मागितला तर त्याच दिवशी पाठवा. प्लॉटच्या नोंदी सध्याच्या कंपनीच्या मालकीच्या आहेत का, हे नेमणूकपत्रात पाहून घ्या. तसे असेल तर नोंदींचा उल्लेख गाळा आणि भेटीत केवळ तुम्ही प्लॉट कसा आखला एवढेच सांगा. नोटीस पीरियड किती आहे, तेही त्याच पत्रात पाहा, कारण दुसऱ्याच भेटीत तो प्रश्न येतो.