टँकर नक्की किती लिटरचा?

*अण्णा ३०२:* सुप्रभात. पैसे १० हजार लिटरच्या टँकरचे दिले. आधी आणि नंतर टाकीत बांबू घालून पाहिला. पाणी ३ फूट ८ इंचच चढलंय. कमिटीने लक्ष घालावं ही नम्र विनंती (तिसऱ्यांदा).

*सेक्रेटरी:* अण्णा, तुमच्या बांबूवर लिटर लिहिलेत का? 🙂

*अण्णा ३०२:* टाकी आतून १० बाय ८ फूट. एका घनफुटात २८.३ लिटर. गुणाकार करा, ८,३०० येतात. १० हजारांना ४ फूट ५ इंच चढायला हवं.

*नाना १०१:* गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक गेलाय. आधी तो बदला.

*मिलिंद २०४:* अण्णा, तुमचं मापच चुकतंय. जुन्या नकाशावर टाकी ३,००० गॅलनची आहे. गूगल ११,३५६ लिटर सांगतंय. तुमच्या हिशोबाने ६ फूट खोलीला साडेतेरा हजार होतात.

*अण्णा ३०२:* तो अमेरिकन गॅलन, ३.७८५ लिटरचा. आपली बिल्डिंग न्यू जर्सीत नाही. इथे इंग्रजांचा गॅलन चालायचा, ४.५४६ लिटरचा. ३,००० गॅलनचे १३,६३८ होतात. नकाशाही माझ्याच बाजूने आहे.

*मिलिंद २०४:* न्यू जर्सीचा टोमणा कळला. दादाला सांगतो.

*वृषाली १०३:* टँकरमध्ये पायल्या किती मावतात हो? 😄

*शोभाताई ४०२:* पायलीवरून आठवलं. दिवाळीत भाजणीला नेलेलं माझं पितळी मापटं कुणाकडे राहिलंय? नाव घेत नाही.

*वृषाली १०३:* घ्या की नाव. मी फक्त शेर नेला होता, दुसऱ्या दिवशी घासून परत दिला.

*नाना १०१:* बॉलकॉक.

*शोभाताई ४०२:* घासून? बरं.

*सेक्रेटरी:* मापट्याचं पर्सनलवर बघा प्लीज. टँकरवाला म्हणतो, पाणी उतरताना आपला पंप चालू होता. वॉचमनही हो म्हणतोय.

*अण्णा ३०२:* असेल. पण १,७०० लिटर वर चढवले असते तर गच्चीवरची टाकी ओसंडून वाहिली असती.

*नाना १०१:* वाहतच होती!! आठवडाभर काय सांगतोय मी??

*मिलिंद २०४:* 😂😂

*अण्णा ३०२:* सगळंच काही त्यातून गेलं नसणार.

*सेक्रेटरी:* उद्या ७ ला टँकर आहे. पंप बंद ठेवून दोन्ही वेळा माप घेऊ. नाना, प्लंबरला आजच बोलावलंय. अण्णा, बांबू तेवढा आणा.

*अण्णा ३०२:* आणतो. कमिटीतलं एखादं तरी तोवर उठलेलं असावं.